बोल्यांव बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. निघायच्या आदल्या दिवशी आभार मानायला आम्ही परत आलो होतो, पण तो रविवार होता आणि रविवारी बोल्यांव बंद असतो हे फाटकापाशी गेल्यावर कळलं. आईच्या पिशवीत तुमच्यासाठी गोड्या मसाल्याचा पुडा होता, तो तसाच डोंबिवलीला परत आला. म्हणून हे पत्र. तुम्हाला मराठी येत नाही, पण पोर्तुगालमधल्या पोर्तोला जाणारं कुणीतरी हे वाचेल आणि तुमच्या गाळ्यापाशी थांबेल, एवढीच आशा.

आम्ही तुमच्याकडे आलो त्याच्या आदल्या रात्री आम्हा मायलेकींचं वाजलं होतं. आई माळकरी. तीन दिवस ती पाव, केळी आणि घरून नेलेल्या मेतकुटावर होती. त्या रात्री एका खानावळीत मी दोनदा विचारून सूप मागवलं. मांस नाही, असं ठामपणे सांगण्यात आलं. वाडगं अर्धं संपल्यावर तळातून लाल चकती वर आली. शोरीसु, म्हणजे आपल्या गोव्याचं चोरीस. आईने चमचा खाली ठेवला, एक शब्द बोलली नाही. बोलले ती मीच, आणि नको ते बोलले.

सकाळी बोल्यांवला आले ती खरं तर फोटो काढायला. १९१४ची दुमजली इमारत, मध्ये चौक. २०१८मध्ये दुरुस्तीसाठी गाळेवाले दुसरीकडे हलवले आणि सप्टेंबर २०२२मध्ये परत आणले, हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. आईला त्याचं काय! खारवलेल्या बकाल्यांवच्या, म्हणजे कॉड माशाच्या, वासाने तिने नाकाला पदर लावला आणि भाज्या दिसल्यावर सोडला. तुमच्यासमोर उभी राहून बोट दाखवत म्हणाली, ‘‘बटाटा.’’

‘‘बताता!’’ तुम्ही म्हणालात. मग दोघी माझ्याकडे बघायला लागलात, जणू दुभाषी म्हणून माझी काही गरज उरली नव्हती.

पुढची मोठाली हिरवी पानं उचलून तुम्ही ‘‘कोव’’ म्हणालात, तेव्हा मी आईला सांगितलं की आपला कोबी हा शब्द इथूनच आला. तिला पटलं नाही. ‘‘हा कसला कोबी? गड्डा कुठाय? हा तर अळू.’’ तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. तुमचा हा कोबी गड्डा धरतच नाही, उंच दांड्यावर वाढतो आणि खालची पानं खुडत न्यायची. तुम्ही पानांचे देठ काढलेत, एकावर एक रचून घट्ट गुंडाळी केलीत आणि त्या हाताने फिरवायच्या यंत्रात सारलीत. दुसऱ्या बाजूने केसासारखा बारीक हिरवा कीस पडायला लागला. आईला राहवलं नाही. तिने चार पानं ओढली, अळूवडीची करते तशी कडा आत मुडपून गुंडाळी केली आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत, शेजारणीला दाखवलीत आणि यंत्राचा दांडा आईच्या हातात दिलात.

काल्दु व्हेर्द, म्हणजे या कोवचं हिरवं सूप, कसं करायचं ते तुम्ही खुणांनीच सांगितलंत: बटाटा, कांदा, लसूण पाण्यात उकडून घोटायचं, त्यात हा कीस टाकून चार-पाच मिनिटं उकळायचं, वरून ऑलिव्हचं तेल. शेवटी बोटांनी चकती दाखवलीत, ‘‘शोरीसु’’ म्हणालात आणि आईच्या गळ्यातल्या माळेकडे बघून ती चकती हवेतच लांब फेकून दिलीत. मी फोनवर भाषांतर शोधत होते ते तसंच राहिलं.

पण माझे आभार मुख्यतः त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी आहेत. गाळा शेजारणीवर सोडून तुम्ही आईचा हात धरून तिला चीजवाल्याकडे नेलंत. बऱ्याच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, म्हणून आई त्याला हात लावत नाही. सेर्रा द एश्त्रेला या तुमच्याकडच्या डोंगराळ भागातलं मेंढीच्या दुधाचं चीज मात्र काटेरी झुडपाच्या जांभळ्या फुलाने विरजतात. हे मला ठाऊकच नव्हतं, मग विचारणार कशी? चीजवाल्याने फोनवर त्या फुलाचा फोटो दाखवला. आईने तो पुष्कळ वेळ पाहिला आणि वरचं साल कापून चमच्याने काढून दिलेला तो मऊ गोळा खाल्ला. म्हणाली, ‘‘खरवसाचा खारट भाऊ.’’

पैसे देताना तुम्ही पिशवीत एक हिरवी जुडी फुकट खोचलीत. ‘‘बघ, इथेही कोथिंबीर वर देतात,’’ म्हणून आई हरखली. मुक्कामी जाऊन हुंगली तर ती पार्सली निघाली. तरी तिने ती चिरून घातलीच. त्या रात्री ती दोन वाडगी सूप प्यायली, मक्याच्या पावाबरोबर. मी माफी मागितली. ‘‘आधी मीठ बघ,’’ म्हणाली.

इथे तुमचा कोव मिळत नाही. आईने पालक घालून पाहिला, त्याचा चिखल झाला. नवलकोलाचा पाला त्यातल्या त्यात जमतो, कोबीच्याच कुळातला तो. गुंडाळी करून विळीवर चिरते. ती शेजारी बसून सांगते आहे, तेवढं लिहिते आणि थांबते: लसूण तुम्ही दाखवलात त्यापेक्षा चार पाकळ्या जास्त घालते, राग मानू नका.

तुमची,
डोंबिवलीची लेक