पंखा बंद करणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मंगळवारी दुपारी कॅश काउंटरवर ओल्या नोटांची पिशवी घेऊन आलेल्या मायलेकी आठवत असतील, तर हे पत्र त्यांचं आहे.

आई उशीच्या अभ्र्यात पैसे ठेवते हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी लक्षात राहिलं नाही. चादरींबरोबर अभ्रा मशीनमध्ये गेला. बाहेर काढला तेव्हा आत एक घट्ट गोळा हाताला लागला. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सुट्या झालेल्या नोटा मी टॉवेलवर पसरल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन नोटांवर इस्त्री फिरवली, एकीचा कोपरा करपला. (प्लॅस्टिकच्या नोटा असत्या तर आकसूनच गेल्या असत्या. ऑस्ट्रेलियानं १९८८ साली पहिल्यांदा तशा नोटा काढल्या. त्या धुण्यात टिकतात, पण इस्त्रीची उष्णता त्यांना सोसत नाही.)

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका बँकेत गेलो होतो. तिथल्या माणसानं एक नोट निळ्या दिव्याखाली धरली. ती चमकली. मग त्यानं ती हात उंच करून रांगेला दाखवली आणि म्हणाला, "या खोट्या आहेत, कुठून आणल्या?" आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आयुष्यभर कुणाचा एक पैसा न बुडवलेल्या बाईवर अशी वेळ यावी, हे अजून माझ्या घशात अडकून आहे. त्या माणसाला नियम माहीत नसेल, समजू शकते. पण हलक्या आवाजात विचारायला कुठला नियम लागतो?

तुम्हीही तोच दिवा लावलात, नोट तशीच चमकली. तुम्ही दिवा विझवलात आणि विचारलंत, "पावडर टाकून धुतल्या ना?" मग समजावून सांगितलंत, की कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे रसायन घालतात ते नोटेतही मुरतं, म्हणून खरी नोटसुद्धा त्या दिव्याखाली चमकते. तुम्ही अंगठा छपाईवरून फिरवलात, उठाव हाताला लागतो का ते पाहिलंत. नोट उजेडात धरून आतलं जलचिन्ह आणि धागा आईला दाखवलात. "कागदातच असतात हे, धुऊन जात नाहीत. आणि हा कागद कापसाचा आहे आजी, म्हणून तर एवढा तगला."

आजी म्हणालात. त्यानंतर आईनं पदर खाली घेतला.

मग मी गोळा पुढे केला आणि एक टोक ओढायला लागले. तुम्ही माझा हात धरलात. "ओढू नका, जसा आहे तसा राहू द्या." आणि तुम्ही उठून तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद केलात, तुकडे उडू नयेत म्हणून. दुपारची वेळ, मागे रांग, तुमच्या कपाळावर घाम. तुम्ही एकेक पदर सोडवत होतात, सुटलेला तुकडा त्याच्याच नोटेशेजारी लावत होतात. रांगेतल्या एका गृहस्थांनी कुरकुर केली, तेव्हा मान वर न करता म्हणालात, "यांचं काम झालं की तुमचंच."

पैसे मिळाल्याचा आनंद आहेच. दोन नोटांचे अगदी लहानसे तुकडे उरले होते, त्यांचं काही होणार नाही हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, तेही बरं वाटलं. पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही तो तो थांबलेला पंखा. अशा नोटांसाठी बहुतेक देशांत काही ना काही सोय असते. अमेरिकेत तर नोटा छापणाऱ्या सरकारी खात्याचाच त्यासाठी वेगळा विभाग आहे, तोही म्हणतो की नोटा जशा सापडल्या तशाच पाठवा, उलगडत बसू नका. सोय कागदावर असते हो. ती माणसापर्यंत पोचायला काउंटरच्या पलीकडे तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असावं लागतं. अशी माणसं असतात, रोज कामाला येतात, कुणी त्यांचा फोटो काढत नाही. आईचा त्यांच्यावरचा विश्वास एका सकाळी उडाला होता, तो तुम्ही दुपारी परत मिळवून दिलात.

त्या दोन नोटांचे तुकडे आईनं टाकले नाहीत, डब्यात ठेवलेत. बाकीचे पैसे आता खात्यात आहेत, तिनं स्वतः सांगून भरायला लावले. आणि रोज विचारते, "त्या बाईंचं नाव काय गं?"

येत्या मंगळवारी आम्ही दोघी पुन्हा येतोय. काम काही नाही, तुम्हाला भेटायचंय.

तुमची ऋणी,
अभ्रेवाल्या आजींची मुलगी