उके पिसासारखा का पडतो?

चि. छोटूस,

अनेक उत्तम आशीर्वाद. ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार सांग.

तुझं पत्र आणि ओ-गोशीची, म्हणजे ज्युदोतल्या कमरेवरून फेकण्याची, अ‍ॅनिमेशन क्लिप दोन्ही मिळालं. दोन सेकंद, ४८ फ्रेम, दोन-दोनवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, काढलेली २४ चित्रं. रेषेत जोर आहे, तोरीची (फेकणाऱ्याची) पकड बरोबर आहे, बाहीच्या चुण्यासुद्धा नीट बघून काढल्या आहेस. फक्त उके, म्हणजे फेकला जाणारा, पडतो तेव्हा पिसासारखा खाली येतो आणि तो तसा का दिसतो ते तुला सापडत नाहीये. कारण मोजता येण्यासारखं आहे, म्हणून आधी तेच लिहिते.

पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे शाळेत झालंय: अर्धा गुणिले ९.८ गुणिले सेकंदांचा वर्ग. तुझा उके तोरीच्या कमरेवरून सुटल्यापासून मॅटला टेकेपर्यंत १८ फ्रेम घेतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा झाला पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात मोकळं सुटलेलं शरीर जवळजवळ पावणेतीन मीटर खाली येतं, म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत. ओ-गोशीत उकेच्या शरीराचा मध्य (वजनाचं केंद्र) साधारण ८५ सेंटिमीटरच खाली येतो आणि त्याला १० फ्रेम पुरतात. दोन-दोनवर काढायचं तर पाच चित्रं. पहिल्या चित्रात मध्य ३.४ सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात आणखी १०, मग १७, मग २४ आणि शेवटच्यात ३१. प्रमाण १, ३, ५, ७, ९ असं आहे. हे पाच आकडे पाठ कर, कागद कुठलाही असो, कामाला येतील. तुझी आकृती कागदावर १७ सेंटिमीटर उंच असेल, तर हीच अंतरं मिलिमीटरमध्ये घे.

तू पाचाच्या जागी नऊ चित्रं काढलीस आणि बहुतेक सगळी सारख्या अंतरावर ठेवलीस. सारखं अंतर म्हणजे सारखा वेग, लिफ्ट उतरते तसा. शिवाय शेवटची दोन चित्रं मॅटजवळ आणखी दाटीने आली आहेत, त्यामुळे तो टेकायच्या आधी थबकतो. जमिनीकडे येताना वेग वाढत गेला पाहिजे. सगळ्यात मोठी उडी टेकण्याच्या लगेच आधीची.

हे तपासायची सोपी खूण सांगते. प्रत्येक चित्रात शरीराच्या मध्यावर लाल ठिपका दे. उभ्या माणसात तो नाभीच्या जरा खाली असतो. शरीर गोळा झालं की पोटाच्या पुढे, शरीराच्या बाहेरसुद्धा सरकतो. सगळे ठिपके जोड. हवेत असताना हातपाय कसेही हलोत, ठिपक्यांची वाट गुळगुळीत कमानीसारखीच यायला हवी. मध्येच कोपरा आला तर ते चित्र चुकलंय, मग त्यातला चेहरा कितीही सुंदर असो. फेकीत एक अपवाद लक्षात ठेव. चांगला तोरी शेवटी बाही वर खेचून धरतो, म्हणून उकेचा खांदा किंचित सावरला जातो. पाय मात्र पूर्ण वेगाने येतात. हा फरक दाखवलास तर बघणाऱ्याला तोरीची काळजी दिसेल.

आई म्हणते ना, ज्युदो, अ‍ॅनिमेशन आणि भटकंती यातलं एक काहीतरी धर? तिला सांग की तिन्हीकडे बघायची गोष्ट एकच आहे: वजन आत्ता कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे जाणार. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांनी फेकीचे जे भाग सांगितले, कुझुशी, त्सुकुरी आणि काके, म्हणजे तोल मोडणं, जागेवर येणं आणि फेकणं, तेच फेकीच्या अ‍ॅनिमेशनचेही टप्पे आहेत. तुझ्या क्लिपमध्ये कुझुशी नाहीच. उकेच्या टाचा बघ. तोरी त्याला कमरेवर घेतो तोपर्यंत त्या मॅटला चिकटलेल्या आहेत. पुढे तोल गेलेल्या माणसाच्या टाचा सगळ्यात आधी सुटतात, वजन चवड्यांवर जातं, आणि कोपरापासून पकडीपर्यंत बाहीचं कापड ताणून सरळ होतं, तिथल्या चुण्या नाहीशा होतात. टाचा न सुटता माणूस वर गेला की तोरीने त्याला क्रेनने उचलल्यासारखं दिसतं. मॅटवरही हीच चूक होते. तोल न मोडता उचलायला गेलं की तोरी कमरेत वाकतो आणि पाठ धरते. त्सुकुरीत तोरीचे गुडघे वाकलेले हवेत, त्याची कंबर उकेच्या बेल्टच्या खाली आणि पावलं उकेच्या पावलांच्या आत. उचलण्याचं काम गुडघे सरळ करण्याने होतं.

तुझ्या ४८ फ्रेम अशा वाटून बघ: कुझुशीला १०, त्सुकुरीला ८, काकेला ६, कमरेच्या माथ्यावर २ फ्रेम जवळजवळ स्थिर, पडायला १०, आणि उरलेल्या १२ सावरायला. माथ्यावरच्या त्या दोन फ्रेम गाळू नकोस, खाली येण्याचा वेग त्यांच्यामुळेच जाणवतो. सावरतानाच्या १२ फ्रेममध्ये सगळं एकदम थांबवायचं नाही. आधी अंग मॅटवर दबतं, दोनेक फ्रेमनंतर पाय शांत होतात, गीची (ज्युदोच्या पोशाखाची) खालची कड आणि बेल्टची टोकं त्यानंतर चारेक फ्रेमने येऊन पडतात. तोरीही उकेच्या वजनाने किंचित पुढे ओढला जातो.

आता पडण्याबद्दल, कारण उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचं तंत्र, नीट येत नसेल तर ती काढताही येणार नाही, आणि इथे चूक झाली तर इजा होते. मागे पडताना हनुवटी छातीकडे आणि नजर बेल्टच्या गाठीवर. एवढ्याने डोकं मॅटपासून दूर राहतं. खाली बसत गोल पाठीवर यायचं, हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हातांनी मॅटवर फटका. श्वास बाहेर सोडत पडायचं. हात मागे टेकवून पडणं थांबवायला जाऊ नये. सगळं वजन मनगटावर आणि ताठ कोपरावर येतं, आणि मोडतं ते तिथेच. हात खांद्याच्या रेषेत फार वर गेले तर खांद्याला झटका बसतो. पुढच्या कोलांटीत वाट तिरकी असते: करंगळीच्या कडेपासून हात, मागचा खांदा, पाठीवरून तिरपं दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. मणक्यावरून सरळ गेलं की प्रत्येक मणका मॅटला ठोकला जातो. बाजूवर येताना घोटे एकमेकांवर टाकायचे नाहीत, हाडावर हाड आपटतं. सराव क्रमाने वाढव: आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. पडल्यावर डोकं दुखलं, मळमळलं किंवा गरगरलं तर त्या दिवशी मॅटवरून उतरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. यात तडजोड करू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चित्रात या फटक्याला फार अर्थ असतो. तळहात आणि पाठ एकाच फ्रेमला टेकले, किंवा तळहात एक फ्रेम आधी, तर बघणाऱ्याला कळतं की उके जाणता आहे. तळहात दोन-तीन फ्रेम उशिरा पडला की तो बेशुद्ध होऊन कोसळल्यासारखा वाटतो. उद्या एखाद्या पात्राला खरंच इजा झालेली दाखवायची असेल तर हाच उशीर मुद्दाम कर.

मावाशी-गेरीचं, म्हणजे गोल फिरवून मारायच्या लाथेचं, थोडक्यात. गुडघा वर, टेकलेल्या पायाचं पाऊल फिरून टाच लक्ष्याकडे, कंबर उलटते, मग नडगी सुटते, आणि पाय आला त्याच वाटेने परत. खालचं पाऊल फिरलं नाही तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. कागदावरही नवशिका तेच करतो, खालचा पाय खिळ्याने ठोकल्यासारखा ठेवतो. नडगी सुटायला २ ते ३ फ्रेम पुरतात. मधलं एखादं चित्र लांबवून पुसट केलं तरी चालतं, कारण डोळा त्या पोझवर थांबतच नाही. गुडघा वर घेतलेली पोझ मात्र ४ फ्रेम तरी दिसू दे. ती दिसली नाही तर लाथ कुठून आली ते समजत नाही.

संदर्भासाठी मोबाइलवर चित्रीकरण करतोस ते चांगलं आहे, पण सेकंदाला ६० फ्रेमवर घेऊन अंदाजाने चित्रं उचलू नकोस. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. १२० वर घे आणि प्रत्येक पाचवी फ्रेम उचल. २४० वर घेतलंस तर दहावी. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग मधेच कमी-जास्त करतात, म्हणून आधी क्लिप स्थिर वेगात बदलून घे, नाहीतर मोजलेले १० प्रत्यक्षात १० नसतील. मोबाइल स्टँडवर, कमरेच्या उंचीला, चार-पाच मीटर लांब, बरोबर बाजूला. जवळून घेतलं की पुढे आलेला पाय आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि मापं बिघडतात. ट्यूबलाइटमध्ये या वेगाने चित्र लुकलुकतं. खिडकीच्या उजेडात घे. मॅटवर इतर मुलं असतील तर सरांना आणि त्या मुलांनाही आधी विचार.

ब्लेंडरकडे, म्हणजे संगणकावरच्या अ‍ॅनिमेशनकडे, वळशील तेव्हा एक सापळा ठरलेला आहे. दोन की-फ्रेममधली (तू ठरवलेल्या दोन मुख्य पोझमधली) वाट ते आपोआप बेझियर वक्राने भरतं, म्हणून प्रत्येक पोझपाशी हालचाल मंदावते, आणि तुझा उके पुन्हा पिसासारखा उतरेल. सुरुवातीला सगळ्या की निवडून टी दाब आणि कॉन्स्टंट ठेव, म्हणजे मधली वाट भरली जाणार नाही. पोझ आणि वेळ जमली की मगच वक्र चालू कर, आणि मॅटला टेकण्याच्या की-वरचं हँडल व्हेक्टर कर, म्हणजे तिथे हालचाल मंदावणार नाही. तोपर्यंत कागदी फ्लिपबुक पुरेसं आहे. ते शेवटच्या पानापासून पुढे काढत ये, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून दिसतं.

आता शिबिराची आणि त्यानंतरच्या आठवड्याच्या भटकंतीची तयारी. स्पर्धेची जाड गी घरी ठेव, एकेरी विणीची हलकी ने. ती वजनाला कमी आणि रात्रीत वाळण्याची शक्यता जास्त. गार पाण्यात धू, गरम पाण्यात सुती कापड आटतं. ओली गी पिशवीत कोंबलीस तर बुरशी धरते आणि कातडीला चट्टे उठतात. प्रवासात वाळवायला जागा नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून पिळ आणि मिळेल तिथे पसर. हातापायांची नखं आदल्या रात्री काप. मॅटपर्यंत जायला चप्पल घे. अनवाणी पावलांनी बाहेरची घाण मॅटवर आणायची नसते. नव्या डोजोत (सरावाच्या जागेत) जाणार असशील तर आधी कळवून जा, बेल्ट कुठला घालायचा ते त्यांनाच विचार. विमानाने जाणार असशील तर लाकडी तलवार, काठी, नुंचाकू केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनच्या सामानात टाक. पॉवर बँकेचं उलटं, ती केबिनमध्येच. २०,००० मिलिअँपिअर-तासांची साधारण ७४ वॉट-तास भरते, १०० च्या मर्यादेत आहे. टॅबलेट हातातल्या पिशवीत, आणि चित्रांची प्रत निघण्याआधी घरच्या ड्राइव्हवर.

प्रवासात टॅबलेटपेक्षा खिशातली वही आणि बॉलपेन जास्त काम देतात. खोडता येत नाही, त्यामुळे बघणं वाढतं. फलाटावर प्रत्येक माणसाला ३० सेकंद दे. पहिली रेषा गळ्याच्या खळीपासून सरळ खाली सोड. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ती त्याच पावलावर येते, दोन्हींवर असेल तर मधे. दुसरी रेषा खांद्यांची, तिसरी कमरेची. भार ज्या पायावर, त्या बाजूची कंबर वर आणि बहुतेक वेळा खांदा खाली. मग सामान बघ. एका हातात जड बॅग असली की धड दुसऱ्या बाजूला कलतं आणि मोकळा हात अंगापासून सुटतो. पाठीवर जड पिशवी असली की माणूस पुढे झुकतो, पावलं आखूड होतात, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो. सहज चालीचं एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं धर. अशा माणसाला १४ ते १६ दे. बॅग उचलण्याच्या आधी तो काय करतो ते खास बघ: पाय जवळ आणतो, गुडघे वाकवतो, एक क्षण थांबतो. रिकामी बॅग उचलताना हे काहीच होत नाही.

पुढची क्लिप पाठवताना लाल ठिपके पुसू नकोस, तसेच राहू देत, आणि टाचा सुटतात तिथे फ्रेमचा आकडा लिही. फलाटावरची पानंही फोटो काढून पाठव, बिघडलेली धरून सगळी. वेळ नसेल तर आधी फक्त ती पडण्याची पाच चित्रं कर, बाकीचं सावकाश बघू.

आजीच्या पाया पडलेय म्हणून सांग.

तुझी,
ताई