स्तन पुनर्रचनेच्या आधीचे सहा महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. गाठ कशी चाचपावी, मॅमोग्राफी कधी करावी, हे सगळे हवेच. पण जिचा स्तन काढून झाला, केमो झाली, शेकही (म्हणजे किरणोपचार) घेऊन झाला आणि दोन-चार वर्षांनी जिच्या मनात ‘पुन्हा बनवता येईल का?’ असा प्रश्न आहे, तिच्या हाती त्या मजकुरातून काहीच लागत नाही. इंदूर, देवास, महू, धार, खरगोनकडच्या अशा बायका प्लास्टिक सर्जनपर्यंत पोचतात, तेव्हा पुष्कळजणींची तारीख पुढे ढकलावी लागते. कारणेही बहुधा तीच असतात: हिमोग्लोबिन कमी, साखर वाढलेली, मशेरी सुरू, जुन्या ऑपरेशनचा कागद सापडत नाही. ही तयारी घरी राहून, आधीपासून करता येते, म्हणून आम्हा परिचारिका व फिजिओथेरपिस्टचे हे पत्र.

पहिली गोष्ट वेळेची. या शस्त्रक्रियेला वर्षांची मुदत नसते. पाच वर्षांनी होते, दहा वर्षांनीही होते. मूळ आजार आटोक्यात असावा आणि कर्करोगतज्ज्ञांची संमती असावी, एवढी अट. घाई मात्र अंगाशी येते. केमोनंतर रक्तपेशी भरून यायला किमान चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. किरणोपचारानंतर निदान सहा महिने थांबायचे. पुष्कळ सर्जन वर्षभरही थांबतात. वरची लाली उतरली तरी आत बारीक रक्तवाहिन्या आखडत असतात, त्वचेखालचा थर चिवट होत असतो. त्या काळात ऑपरेशन केले तर जखम लवकर भरत नाही, टाके उसवतात. ‘पुनर्रचना केली तर आजार उलटलेला कळणार नाही’ अशी भीती घराघरांत बोलून दाखवतात. पुनर्रचनेमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढत नाही आणि तपासण्याही थांबत नाहीत. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी तर दरवर्षी करायचीच.

मार्ग मुख्यतः दोन. सिलिकॉनचे इम्प्लांट, नाहीतर स्वतःच्याच पोटाची किंवा पाठीची त्वचा आणि चरबी, म्हणजे फ्लॅप. इम्प्लांटचे ऑपरेशन लहान असते. पण स्तन काढलेल्या जागी त्वचा छातीला घट्ट चिकटलेली असल्याने आधी एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी बसवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी तिच्यात सुईने सलाइन भरायला सुरुवात करतात. साधारण एका वेळी ५० ते १०० मिली, आठवड्या-पंधरवड्याने एकदा. काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनात पिशवी काढून इम्प्लांट. इतक्या खेपा जमतील का, हे बाहेरगावच्या घरांनी आधीच ठरवावे. बहुतेक एक्स्पांडरमध्ये लोहचुंबक असतो; तो अंगात असेपर्यंत एमआरआय करायचा नाही, हे घरातल्या आणखी कुणाला तरी माहीत असू द्या. शेक घेतलेल्या छातीवर इम्प्लांटभोवती कडक कवच धरणे, जंतुसंसर्ग होणे, इम्प्लांट त्वचेतून बाहेर येणे हे प्रकार बरेच जास्त होतात, म्हणून अशा बाईला बहुतेकदा स्वतःच्या शरीराचाच भाग वापरायला सुचवतात. इम्प्लांट बसवलेच, तर त्याचे कार्ड जन्मभर जपा. त्यावर कंपनी, क्रमांक आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे असते. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनने बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे जगभरातून परत मागवली. आपल्या अंगात कोणते इम्प्लांट आहे, हे अशा वेळी त्या कार्डावरूनच कळते.

पोटाच्या फ्लॅपमध्ये बेंबीखालची त्वचा आणि चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट काढून छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. सहा-आठ तास लागतात, कधी जास्तही. आधी पोटाची सीटी अँजिओग्राफी करून कुठली रक्तवाहिनी धडधाकट आहे ते पाहतात, त्यासाठी टोचायचे औषध मूत्रपिंडाला झेपेल का हे कळावे म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. पोटावर झालेले प्रत्येक ऑपरेशन सर्जनना सांगा. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. पित्ताशयाचा बरगडीखालचा लांब व्रण, मधोमध उभा व्रण किंवा हर्नियाची जाळी असेल तर बेत बदलू शकतो. पोटाची चरबी-त्वचा काढून ते आवळून घेतले असेल तर हा मार्ग बंदच. अंगाने बारीक असलेल्या बाईच्या पोटात पुरेशी चरबी नसते. तिच्यासाठी पाठीच्या स्नायूचा विचार होतो. मात्र काखेतल्या गाठी काढताना त्या स्नायूची नस किंवा रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. दोन्ही हात कमरेवर ठेवून जोराने दाबले की काखेच्या मागच्या बाजूचा स्नायू कडक व्हायला हवा. होत नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. पाठीच्या फ्लॅपसोबत पुष्कळदा लहान इम्प्लांटही लागते आणि पाठीत पाणी साठणे हा त्याचा नेहमीचा त्रास. ते सुईने काढतात, घाबरण्यासारखे नाही.

कागदपत्रांत चार कागद महत्त्वाचे. स्तन काढल्याची ऑपरेशन नोट, ईआर-पीआर-हर टू (गाठीचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या) सह बायॉप्सीचा पूर्ण रिपोर्ट, केमोच्या औषधांची नावे असलेले कार्ड, आणि किरणोपचाराचा सारांश, ज्यात किती ग्रे (किरणांची मात्रा), किती फ्रॅक्शन (किती वेळा विभागून) आणि कुठल्या भागाला दिले ते लिहिलेले असते. उपचार मुंबईला टाटात झाले असतील तर पुढच्या फॉलोअपलाच या प्रती मागून आणा; नुसत्या कागदांसाठी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईची वेगळी खेप कशाला? कर्करोगाच्या औषधांपैकी अ‍ॅड्रियामायसिन किंवा ट्रास्टुझुमॅब घेतले असेल तर हृदयाचा टू-डी इको नव्याने करावा लागतो, कारण ही औषधे हृदयाची ताकद कमी करू शकतात आणि भूलतज्ज्ञांना ते कळल्याशिवाय लांब ऑपरेशनची परवानगी मिळत नाही.

आता तंबाखूबद्दल, जे ऐकायला कुणालाच आवडत नाही. बाई सिगारेट ओढत नाही म्हणून घरचे ‘व्यसन नाही’ असे लिहून देतात, आणि दात घासायची मशेरी, तपकीर, जेवणानंतरची तंबाखूची चिमूट यांचा उल्लेखही होत नाही. निकोटिन कुठूनही आले तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतेच. सरकवलेल्या त्वचेची कड ज्या वाहिन्यांवर जगते त्या केसासारख्या बारीक असतात. त्या आवळल्या की कड काळी पडते, पोटाची जखम उघडते. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी हे सगळे पूर्ण बंद हवे, आणि नंतर जखमा भरेपर्यंतही बंदच. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी लावायचीही सर्जनना विचारूनच. सुनेसमोर किंवा नवऱ्यासमोर मशेरीचे सांगायचा संकोच वाटत असेल, तर सिस्टरला एकटीला बाजूला घेऊन सांगा. आम्ही त्यावरून कुणाला बोलत नाही, तारीख नीट धरतो.

औषधांत टॅमॉक्सिफेनचा प्रश्न सर्वांत नाजूक. त्याने रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, म्हणून सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायच्या असतील तर अनेक सर्जन ते दोन ते चार आठवडे आधी थांबवतात. पण ही गोळी कर्करोग परत येऊ नये म्हणून चालू असते. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे कर्करोगतज्ज्ञ व सर्जन मिळून ठरवतील. कुणाचे ऐकून स्वतःच बंद करू नका, आणि ऑपरेशननंतर सुरू करायची तारीख लिहून घ्या. ती गोळी परत सुरू करायची राहून जाणे ही आमच्या मते मोठी चूक. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, अश्वगंधा यांची यादी दाखवा; बहुतेक दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. भाजीतली हळद-लसूण चालू राहू द्या. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते, कारण उपाशीपोटी साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकते. वजन कमी करायचे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामे होते.

एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे आदल्या आठवड्यात गोड सोडून ती सुधारत नाही. साडेसात-आठच्या आत आणायची तर तीन महिने आधी सुरुवात हवी. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर बहुतेक ठिकाणी थांबवतात; बाराच्या आसपास असावे. लोहाच्या गोळ्यांनी ते चढायला दोनेक महिने लागतात. गोळी चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या खाण्याबरोबर घ्या.

आणि प्रथिने. जखम भरायला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इंदूरचे सकाळचे पोहे कुणी सोडावेत असे आम्हाला वाटत नाही, पण एका प्लेटमधून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत दोन अंडी खाल्ली तर बारा ग्रॅम वाढले. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर भाजक्या फुटाण्यांत, म्हणजे ५० ग्रॅममध्ये, दहाच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, कोरड्या ३० ग्रॅम सोयावड्यांत पंधरा. हिशेब रोज लिहिला तरच पुरा होतो. या काळात चातुर्मासाचे एकभुक्त, मार्गशीर्षातले गुरुवार, निर्जळी एकादशी असे काही धरू नये. साबुदाण्यात पिठाशिवाय फारसे काही नाही.

खांद्याचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवेत. भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणे, दिवसातून दोन-तीन वेळा. हात बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंतही जात नसेल, तर ऑपरेशनच्या टेबलावर तो नीट ठेवता येत नाही आणि नंतर तो आणखी आखडतो. जुना व्रण पूर्ण भरलेला असेल तर खोबरेल तेल लावून बोटांनी गोल गोल मालीश पाच-दहा मिनिटे करा, म्हणजे त्वचा सैल होते. दोन्ही दंडांचा घेर एकाच ठिकाणी टेपने मोजून ठेवा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हाताच्या सुजेचा उपचार आधी. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला शक्यतो सुई नको, बीपीचा पट्टाही नको. केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) अजून अंगात असेल तर तेही सांगा.

घरची तयारी पोटाच्या फ्लॅपला सर्वांत जास्त लागते. पहिले एक-दोन आठवडे गुडघे वाकवून आणि पाठ उंच करून झोपावे लागते, चालताना कमरेत वाकून चालावे लागते, कारण पोटाचे टाके ताणलेले असतात. उकिडवे बसता येत नाही. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. सहा आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचे नाही. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते, भरलेला कुकरही जड असतो. नातवंडांना कडेवर घेणे तर नाहीच. डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पुढून बटणांचे सैल गाऊन चार-पाच शिवून घ्या. खोकला असेल तर आधी बरा करा आणि बद्धकोष्ठासाठी इसबगोल विचारून घ्या. कुंथण्याने पोटावर ताण येतो.

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपचा रंग आणि उष्णता वरचेवर पाहतात, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. ‘तिला झोपू द्या’ म्हणून सिस्टरना अडवू नका. फ्लॅप पांढरा-गार पडला तर रक्त आत येत नाही; निळसर-जांभळा होऊन फुगला तर बाहेर जात नाही. दोन्हींत ताबडतोब पुन्हा टेबलावर घ्यावे लागते आणि काही तासांतच फ्लॅप वाचतो किंवा जातो. घरी ड्रेन (जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिचा डबा) घेऊन आलात तर रोज एकाच वेळी डबा रिकामा करून मिली लिहा, डबा दाबून पुन्हा बंद करा. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आले की साधारणपणे काढतात. १००.४ च्या वर ताप, लाली पसरणे, एका पोटरीला सूज किंवा दम लागणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

नव्या स्तनाला आणि पोटाच्या शिवणीजवळ जाणीव कमी असते, कधी नसतेच. डिसेंबरच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी छातीवर ठेवली आणि भाजल्याचे कळलेच नाही, असे होऊ शकते. पिशवी, हीटिंग पॅड, वाफेचा शेक, यांतले काही तिथे नको. स्तनाग्र साधारण तीन महिन्यांनंतर करतात, त्याभोवतीचा रंग टॅटूने भरता येतो. दुसरा स्तन जुळवून घ्यायलाही कधी लहान शस्त्रक्रिया लागते. आणि कुणाला यातले काहीच करायचे नसेल, ब्रामध्ये सिलिकॉनचा कृत्रिम स्तन ठेवून बरे वाटत असेल, तर तोही तिचाच निर्णय. घरच्यांनी दोन्ही बाजूंनी रेटू नये.

शेवटी विमा. कंपनीचा माणूस ‘प्लास्टिक सर्जरी बसत नाही’ असे तोंडी सांगून मोकळा होतो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमधला आठवा अपवाद काढून वाचा: सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून स्पष्ट बाहेर ठेवलेली आहे. सर्जनच्या पत्रात ‘कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना’ असे शब्द हवेत, सोबत बायॉप्सीचा रिपोर्ट जोडा, आणि मंजुरी दाखल होण्याआधी लेखी घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात पॅकेजचे नाव आधी विचारा. नकार आला तर तोही लेखी मागा, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचायला हवा.

आपल्या,
स्तन-कर्करोग रुग्णांसाठी काम करणाऱ्या परिचारिका व फिजिओथेरपिस्ट,
इंदूर