पन्हाळ्याचा चार दरवाजा कुणी पाडला, एवढं तरी लिहा : मंत्रिमहोदयांना एका गडकऱ्याच्या वारसाचं खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय
(ज्यांच्या खात्यात गडकिल्ले आणि जुनी दप्तरं येतात ते),
महाराष्ट्र राज्य

विषय : इंग्रजांविरुद्धच्या १८४४ च्या गडकरी उठावाचं स्मारक आणि आमचा हरवलेला मोडी कागद

स. न. वि. वि.

सर्वात आधी आपलं अभिनंदन. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात आमचा पन्हाळा आहे. ती बातमी आली त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. ज्यांनी त्यासाठी झटून काम केलं त्यांचे उपकार कोल्हापूरकर विसरणार नाहीत.

पण हे पत्र अभिनंदनाचं नाही. गेल्या आठवड्यात एका सरकारी कचेरीतून मला दोन ओळींचं उत्तर आलं : "आपण सादर केलेला कागद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." खाली सही. नाव वाचता येत नाही. ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. आता आपल्याला विचारतो, कारण विचारायला दुसरं कुणी राहिलं नाही.

आमचं घराणं सामानगडच्या गडकऱ्यांचं, म्हणजे गड राखणाऱ्यांचं. गडहिंग्लज तालुक्यातला हा गड आपण पाहिला आहे की नाही, मला माहीत नाही. तिथं कातळात खोदलेली सात कमानींची विहीर आहे, तट आहे, भवानीचं देऊळ आहे. आमच्या घरात एक मोडी कागद होता. हातभर लांब, घडीवर विरलेला, खालच्या कोपऱ्यात वाळवीनं दोन-तीन अक्षरं खाल्लेली. आमच्या मूळ पुरुषाचं नाव, गडावरची चाकरी आणि त्या चाकरीपोटी दिलेली जमीन, एवढंच त्यात होतं. आजी तो कडुनिंबाचा पाला घालून तांबड्या रुमालात बांधून ठेवायची. दसऱ्याला तलवारीशेजारी त्यालाही हळदकुंकू लागायचं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागदाची कुठली बाजू वर ठेवायची हे तिला बरोबर ठाऊक होतं.

हा कागद मी सरकारला का दिला? तर गडाच्या पायथ्याशी झालेल्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरून जाहीर झालं की सामानगडावर १८४४ च्या गडकऱ्यांचा स्मृतिस्तंभ उभारू, त्यावर नावं कोरू, आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं आहेत त्यांनी ती मूळ प्रतीतच जमा करावीत, स्कॅन करून महिनाभरात परत देऊ. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या. मी झेरॉक्स घेऊन गेलो होतो, पण टेबलावरच्या माणसाने सांगितलं की मूळच लागेल. पोच म्हणून चिटोऱ्यावर शिक्का मारून मिळाला. स्तंभ उभा राहिला नाही. कागद परत आला नाही. विचारायला गेलं की साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, साहेबांची बदली झाली. शेवटी तिथला एक पोरगा म्हणाला, "काका, मोडी वाचणारं कोण हाय हितं? गठ्ठ्यात तुमचा कुठला नि दुसऱ्याचा कुठला, कसं वळखायचं?" त्या पोराचा मला राग नाही. खरं बोलला तो. राग त्याला तिथं बसवणाऱ्यांचा आहे.

आपण म्हणाल, एका जुन्या कागदासाठी एवढं काय? म्हणून त्या कागदामागची गोष्ट सांगतो. ती आपल्या खात्याच्या पाट्यांवर लिहिलेली नाही.

१८१२ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरशी तह केला. मालवण आणि तिथला किल्ला घेतला, परकीयांशी परस्पर लढाई करायची नाही असं बांधून घेतलं आणि बदल्यात संरक्षणाची हमी दिली. पुढच्या तहांमध्ये, १८२६, १८२७, १८२९, हात आणखी आवळत नेले. फौज किती ठेवायची ते ठरवलं, आपला कारभारी बसवण्याचा हक्क घेतला. १८३८ मध्ये शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले आणि गादीवर आले ते अल्पवयीन शिवाजी ऊर्फ बाबासाहेब. राजा लहान, राजवाड्यात कारभारावरून ओढाताण. कंपनी सरकारला याहून चांगली संधी कुठली? दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून आणलं गेलं. नाव राजाचं, सही कारभाऱ्याची आणि हुकूम कंपनीच्या पोलिटिकल एजंटाचा.

आता गडकरी म्हणजे कोण ते सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या गडावर राहून गड राखणारी माणसं. त्यात मराठे होते, महार होते, रामोशी होते, बेरड होते. पगार नाही, गडाखालची जमीन हाच त्यांचा पगार. त्यांच्यावर गडाचा हवालदार, आणि हवालदाराच्या वर थेट छत्रपती. शिवाय गडाची देवी. दिवा, नगारा, नवरात्र, सगळं गडकऱ्यांच्या हाती. आमच्याकडे सांगतात की गड सोडणं म्हणजे देवीला दिलेला शब्द मोडणं. नव्या कारभाराने काय केलं? गडांचे हवालदार काढले आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. हिशेबाच्या दृष्टीने ती सुधारणा असेल. त्या माणसांच्या दृष्टीने पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं दैवत एका हुकमात गेलं.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाने दरवाजे लावून घेतले. भुदरगडानेही लावले. सामानगडावर मुंजाप्पा कदम पुढे होते. लोण कोल्हापूर शहरात आलं, बाबाजी आहिरेकरांनी दाजी पंडितांना कैद केलं. कर्नल ओव्हान्स नावाचा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांनी पकडून पन्हाळ्यावर नेऊन ठेवला. तिकडे सावंतवाडीत खेम सावंत नावालाच राजे होते, राज्य १८३८ पासून इंग्रज चालवत होते. तिथले फोंड सावंत आणि त्यांची माणसंही उठली. पाठलाग झाला तेव्हा ती गोव्याच्या हद्दीत गेली, आणि मग इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात त्यांच्यावरून पत्रापत्री सुरू झाली. दोन परकीय सरकारं आमच्या माणसांचा सौदा टेबलावर मांडून बसली होती. त्याच सुमाराला उत्तरेकडे सह्याद्रीत राघोजी भांगरे कोळ्यांना घेऊन उठले होते, त्यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी दिली. म्हणजे ही काही चार अडाणी शिपायांची कटकट नव्हती.

जनरल डेलामोटची फौज आली, कर्नल औट्रम आला, तोफा आल्या. ऑक्टोबरात सामानगड पडला. १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडून किल्ला घेतला. त्यानंतर काय केलं, तर गडांचे तट पाडले, वंशपरंपरेचे गडकरी मोडून टाकले, संस्थानची फौज काढून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण उभी केली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी गेला. आज पन्हाळ्याला येणारी प्रत्येक गाडी त्याच जागेवरून वर चढते. रविवारी ही रांग हजारावर जात असेल. त्या हजारातल्या एकाला तरी कळतं का, की आपण कशावरून चाललो आहोत? तीन दरवाजा बघून सगळे फोटो काढतात. चार दरवाजा कुठे गेला, असं विचारलं तर गाईडसुद्धा म्हणतो, पडला असेल कधीतरी.

साहेब, तो आपोआप पडला नाही. तो मुद्दाम पाडला. पुन्हा कुणी गड लावून बसू नये म्हणून पाडला. ही एक ओळ दगडात कोरायला किती पैसे लागतात?

आणि गोष्ट १८४४ ला संपत नाही. १८५७ मध्ये ३१ जुलैला कोल्हापुरातली इंग्रजांची २७ वी पलटण उठली, डिसेंबरात शहर उठलं. महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना उचलून कराचीला नेलं, ते १८६९ मध्ये तिथंच वारले. १८६२ च्या तहात महाराजांकडून लिहून घेतलं की महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने चालेन. पुढे चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेडे ठरवून गोऱ्या पहारेकऱ्याच्या ताब्यात दिलं, आणि १८८३ मध्ये नगरला त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. गादीवर दुबळा माणूस असला की इंग्रजांचं फावायचं, नसला तर ते त्याला दुबळा करायचे. आणि प्रत्येक वेळी उभे राहिले ते ज्यांच्या नावापुढे काही पदवी नाही असे लोक.

आता माझं खरं दुखणं ऐका. इंग्रजांची बाजू शाबूत आहे. मेजर ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल मुंबई सरकारने १८५४ मध्ये छापला, तो आजही मिळतो. त्यांच्या फौजी अधिकाऱ्यांचे खलिते आहेत, नकाशे आहेत, हिशेब आहेत. कुठल्या गडावर कुठली तोफ चढवली ते सापडतं. आमची बाजू कुठे आहे? ती कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या तांबड्या रुमालात होती. जे हरले त्यांच्याकडे एवढंच राहिलं होतं. इंग्रजांनी शंभर वर्षांत ते नेलं नाही. ते हरवलं आमच्याच सरकारच्या कचेरीत, स्मारकाच्या नावाने मागून घेऊन.

माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती दसऱ्याला रुमाल काढते आणि विचारते, कागद कधी येणार? मी म्हणतो, मुंबईला गेलाय, मोठ्या कपाटात ठेवलाय. थकलेल्या आईशी खोटं बोलायची वेळ आपल्या कारभाराने माझ्यावर आणली आहे. भावकीत मला तोंड दाखवता येत नाही. चुलतभाऊ म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं तू एका चिटोऱ्यावर देऊन आलास. काय उत्तर देऊ त्याला?

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. मोडी वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत, आणि कोल्हापूरची दप्तरं लाखांनी आहेत. प्रत्येक सरकार येतं, शिवरायांचं नाव घेतं, पुतळ्याची उंची सांगतं. पुतळा उभारायला निधी असतो, मोडी वाचणारा माणूस नेमायला नसतो. गडावर लेझर शोला निधी असतो, वाळवीचं औषध फवारायला नसतो. शिवा काशीद, बाजीप्रभू आमच्या काळजात आहेत, त्यांचे पुतळे पन्हाळ्यावर आहेत ते योग्यच आहे. पण त्याच गडावर पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे लढले त्यांचं काय? ते शिवरायांच्याच गडासाठी मेले ना? त्यांच्या नावावर मतं मिळत नाहीत, त्यांची जयंती नाही, मिरवणूक नाही, म्हणून ते नाहीतच का?

आम्हाला वाटलं होतं, एजंटाची कचेरी गेली. पण आजही निर्णय दुसरीकडे होतात, इथं नुसती सही होते. इथला अधिकारी म्हणतो मुंबईला विचारा, मुंबई म्हणते जिल्ह्याला विचारा, आणि अर्जदाराला दोन्हीकडून "निकाली". तेव्हाच्या गडकऱ्याला निदान समोर कोण आहे ते दिसत होतं. मला सहीसुद्धा वाचता येत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आमचा कागद शोधा. गठ्ठे उघडा, माणूस बसवा, मोडी येणारा बसवा. मी स्वतः येऊन ओळखून देतो, मला कोपऱ्यातली वाळवी पाठ आहे. माझ्यासारख्या ज्यांनी ज्यांनी मूळ कागद दिले त्यांची यादी जाहीर करा आणि ज्याचं त्याला परत द्या. सामानगडावर जो शब्द दिला तो पाळा, आणि पाळायचा नसेल तर जसा व्यासपीठावरून दिला तसाच व्यासपीठावरून मागे घ्या. पन्हाळ्याच्या चार दरवाज्याच्या जागेवर पाटी लावा : हा दरवाजा १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी पाडला. जगभरातून लोक येणार आहेत आता, त्यांनाही वाचू द्या.

येत्या १ डिसेंबरला आम्ही काही वारस मंडळी चार दरवाज्याच्या जागेवर जमणार आहोत. आपण आलात तर स्वागत आहे. नाही आलात तर आमची पाटी आम्ही पुठ्ठ्यावर लिहून लावू, आणि ती काढायला जो येईल त्याचं नाव लिहून घेऊ.

या पत्राचं उत्तर लेखी द्या. फोनवरून "बघतो, करतो" नको. आणि सहीखाली नाव सुवाच्य अक्षरात लिहायला सांगा.

आपला,
सामानगडच्या एका गडकऱ्याचा वारस
शिवाजी पेठ, कोल्हापूर