मॅडम, तुमच्या त्या ठिपक्यासाठी

आदरणीय मॅडम,

तुम्ही माझ्या वहीत पेनाने एक ठिपका काढला होता आणि त्याच्याभोवती, जरा लांब, पेन्सिलीने फिकट कडं. म्हणालात, "ठिपक्याकडे बघत राहा, नजर हलवू नकोस." थोड्या वेळात कडं दिसेनासं झालं. माझी पीएचडी त्या ठिपक्याने वाचवली.

तेव्हा मी इव्हेंट कॅमेऱ्याशी झुंजत होतो. साधा कॅमेरा सेकंदाला तीस-साठ अख्खी चित्रं काढतो, समोर काही बदलो न बदलो. यातला प्रत्येक पिक्सेल मात्र आपल्यापुरता उजेड कमी-जास्त झाला तरच बोलतो, आणि तेही मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात सिलिकॉनच्या चिपवर दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा, घडवलं, त्याच घराण्यातला हा कॅमेरा. फेकलेला चेंडू माझ्या रोबोटला झकास दिसायचा. टेबलावरचा कप मात्र, रोबोट थांबला की गायब! महिनाभर मी फिल्टर बदलत बसलो. शेवटी सेन्सरच खराब आहे असं ठरवून मोकळा झालो.

तुम्ही शरीरक्रियाशास्त्राच्या, रोबोटशी तुमचा काडीचा संबंध नव्हता. ऐकून घेतलंत आणि हसलात: हे तर ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरने १८०४ मध्येच लिहून ठेवलंय. न हलणारं चित्र आपल्या डोळ्यालाही टिकवता येत नाही, म्हणून टक लावून बघतानाही तो बारीक थरथरत असतो.

मी कॅमेऱ्याखाली छोटी मोटर बसवली. आधी नुसता आडवा हलवला, तर कपाच्या उभ्या कडा उमटल्या आणि तळाची आडवी कड हरवली. मग गोल हलवला. कप आला!

पुढे शोधनिबंधात मी "हुबेहूब डोळ्यासारखा" असं लिहिलं, तेव्हा "हुबेहूब" वर तुम्ही लाल रेघ मारलीत. दृष्टिपटलात पेशींचे कितीतरी प्रकार, आमच्याकडे त्यातल्या दोन-तीन थरांचं व्यंगचित्र. तो शब्द मी नंतर कुठेच वापरलेला नाही.

प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव नव्हतं. मार्गदर्शक, समिती, निधी, कुठल्याच रकान्यात तुम्ही बसत नव्हतात. ही माझी चूक, आणि ती इतकी वर्षं डाचते आहे.

आता नवं अडलंय. रोबोट चालू लागला की त्याला सगळंच हलताना दिसतं. आपला डोळा सेकंदाला दोन-तीन उड्या मारतो, तरी जग जागच्या जागी राहतं ते कसं? वही घेऊन येऊ का?

तुमचा विद्यार्थी