फर्नेसचा आवाज ऐकायला आलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिकागोजवळच्या आपल्या नेपरव्हिलमध्ये आपल्यासारखी बरीच मराठी घरं आहेत आणि बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारा फर्नेस प्रत्येकाच्याच आहे. त्यांच्याही उपयोगी पडेल.

आमच्या फर्नेसने डिसेंबरात धडाम करायला सुरुवात केली. सांगलीहून आलेली आई रात्री दचकून उठायची आणि विचारायची, खाली कोणी कपाट पाडतंय का? एका कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने लेबलवरचं साल वाचलं, झाकण उघडायचीही तसदी घेतली नाही आणि नव्या फर्नेसचं कोटेशन हातात ठेवलं. अठरा वर्षांचा फर्नेस, म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण आवाज कशाचा, हे काही तो सांगू शकला नाही.

तुम्ही फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात तो असा: "आवाज कसा येतो ते राहू दे, कधी येतो ते सांग. थर्मोस्टॅट वाढवल्यावर लगेच, की थोड्या वेळाने, की फर्नेस बंद होताना?" हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

आल्यावर तुम्ही बेसमेंटमध्ये गेलात तेही नंतर. आधी वर जाऊन कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून पाहिलंत. झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत तो हवा, असा इलिनॉयमध्ये २००७ पासून कायदाच आहे, हेही जाता जाता सांगितलंत. मग घडीची खुर्ची टाकून फर्नेससमोर बसलात आणि मला थर्मोस्टॅट वाढवायला पाठवलंत.

ती पाच-दहा मिनिटं माझ्या चांगली लक्षात राहिली आहेत. आधी छोटा पंखा घुमू लागला. "हा इंड्युसर. धूर बाहेर ओढणारा. हा नीट चालतोय अशी प्रेशर स्विचची खात्री पटल्याशिवाय पुढचं काही होत नाही." मग काचेच्या झरोक्यातून गॅस पेटवणारा इग्नायटर नारिंगी तापताना दिसला. गॅसचा व्हॉल्व्ह टक् करून उघडला, डावीकडचा पहिला बर्नर पेटला, दुसरा पेटला आणि ज्योत तिथेच अडकली. शेवटचे दोन बर्नर नुसते गॅस सोडत राहिले आणि मग सगळं एकदम भडकलं. धडाम! तुम्ही जागचे हलला नाहीत. म्हणालात, "बर्नरवर गंज धरलाय. एका बर्नरवरून दुसऱ्यावर ज्योत जायची फट बुजलीय. उशिरा पेटतो म्हणून साठलेला गॅस उडतो."

त्यानंतर थोड्या वेळाने गरम हवा घरभर ढकलणारा मोठा ब्लोअर सुरू झाला आणि हवेच्या डक्टमधून टण्ण आवाज आला. मला तोही स्फोटच वाटला. तुम्ही मात्र हसलात. पत्रा तापला की फुगतो, आणि फिल्टर फार दाट असेल तर हवेच्या ओढीने आतही खेचला जातो. आमचा एक इंची फिल्टर मर्व्ह १३ चा होता; मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितका फिल्टर बारीक गाळणारा. तुम्ही तो काढून मर्व्ह ८ चा बसवायला लावलात आणि टण्ण निम्म्यावर आला.

खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. उभा जन्म तुमचा याच कामात गेला, तरी निवृत्तीनंतर बर्नरला हात लावायला तुम्ही साफ नकार दिलात. "गॅसचं काम परवानावाल्याने करायचं. मी नाही आणि तूही नाहीस." अशा भडक्याने ज्वाळा बाहेर येऊ शकतात, ज्वाळांची उष्णता हवेला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो, म्हणून फर्नेस तिथल्या तिथे बंद करायला लावलात. बाहेर उणे तापमान होतं. २०१९ च्या जानेवारीत शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला होता, तेव्हा पाइप फुटलेली घरं तुम्ही पाहिली होती. म्हणून जाताना नळ बारीक सोडून ठेवायला सांगितलंत आणि आईला घेऊन गेलात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या ओळखीचा टेक्निशियन आला. त्याने बर्नर काढून ब्रशने घासले, व्हॅक्यूम केले, गॅसचा दाब मोजला, एक्स्चेंजर तपासला. तडा नव्हता. नव्या फर्नेसच्या कोटेशनपुढे त्याचं बिल म्हणजे चणे-फुटाणे.

हा फर्नेस जन्मभर पुरणार नाही, हे तुम्ही बजावलंच आहे. पण नवा घ्यायचाच, तर तो थंडी सरल्यावर, चार ठिकाणी विचारून घेऊ. फर्नेस कितीही जुना असो, आवाज करू लागला तर तो कधी येतो ते लिहून ठेवा, असं आता मीच भिशीत सगळ्यांना सांगत सुटले आहे. गॅसचा वास आला तर मात्र काही लिहीत बसू नका, घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

तुमचा टॉर्च आमच्याकडेच राहिलाय. शनिवारी घेऊन येते. आईने डिंकाचे लाडू केलेत, काकूंना सांगा डबा रिकामा ठेवायला.

आपली,
मागच्या गल्लीतली शेजारीण