तीस दिवस नेमके कधीपासून मोजायचे?

मा. विधी व न्याय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांचा दिवाणी दावा अकराव्या वर्षी निघाला, म्हणजे गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. हरले असते तर निदान निकालपत्र हातात पडलं असतं. इथे कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, दोनच ओळी आहेत: पुकारा करूनही वादी व त्यांचे वकील गैरहजर, प्रतिवादीचे वकील हजर, सबब दावा काढून टाकण्यात येतो. वकीलसाहेब तेव्हा आजारी होते. ‘तुमची गरज लागेल तेव्हा फोन करतो’ या त्यांच्या शब्दावर वडील घरी होते. आम्हाला हे कळलं चौदा महिन्यांनी, तेही प्रतिवादीच्याच तोंडून.

कायद्याने दार पुरतं बंद केलेलं नाही, हे मान्य. पण कोणतं दार उघडं आहे, हे त्या दिवशी कोर्टात कोण हजर होतं यावर ठरतं. दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 4 खाली दावा पुन्हा फाइलवर घ्यायचा अर्ज करता येतो, किंवा मुदत उरली असेल तर नवा दावाही लावता येतो. प्रतिवादी हजर आणि वादीच नाही, तर नियम 8 लागतो. मग त्याच कारणासाठी नवा दावा नाही. नियम 9 खाली गैरहजेरीचं पुरेसं कारण दाखवायचं, एवढंच उरतं. आम्ही या दुसऱ्या खोलीत आहोत. थेट अपीलही नाही, कारण गैरहजेरीत दावा काढल्याचा हुकूम म्हणजे हुकूमनामा (हक्कांचा रीतसर फैसला) नव्हे, असं संहितेचं कलम 2(2) सांगतं. नियम 9 चा अर्ज फेटाळला गेला, तर मात्र आदेश 43 खाली त्या हुकमावर अपील चालतं. (हा अर्जही कधी कधी गैरहजेरीतच निघतो. मग अर्ज पुन्हा फाइलवर घ्यावा म्हणून अर्ज. कोर्टाच्या आवारात यावर हसणारे लोक भेटले, आम्हाला हसू आलं नाही.)

आता मुद्द्यावर येतो. नियम 9 च्या अर्जाला मुदत आहे तीस दिवसांची. मुदतीच्या कायद्याचा, 1963 चा, अनुच्छेद 122 म्हणतो की हे तीस दिवस दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून मोजायचे. लगेच पुढचा अनुच्छेद 123 एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागणाऱ्या प्रतिवादीसाठी आहे. मुदत तीच, तीस दिवस. पण समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल, तर त्याचे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. कळणं आणि न कळणं यातला फरक कायद्याला प्रतिवादीच्या बाबतीत दिसतो, वादीच्या बाबतीत नाही. दावा त्यानेच लावला, त्याला तारखा ठाऊकच असणार, असं गृहीत धरलेलं आहे. ज्यांनी एकदा वकीलपत्रावर सही करून वर्षानुवर्षं तारखा वकिलांच्या डायरीवर सोपवल्या, त्यांनी या गृहीतकाबद्दल काय बोलावं!

मग मुदतीच्या कायद्याच्याच कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज आला. आधी त्याच्यावर समोरच्यांचं म्हणणं, मग युक्तिवाद. तो मंजूर झाला तर पुढे मूळ अर्ज, आणि तोही मंजूर झाला तर दावा जिथे थांबला होता तिथून पुढे. युक्तिवादात आमच्या बाजूने रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा सर्वोच्च न्यायालयाचा 1981 चा निकाल दाखवला गेला: वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको. समोरून 1993 चा सलील दत्त यांच्या प्रकरणातला निकाल आला: सगळं वकिलावर ढकलून पक्षकाराला मोकळं होता येणार नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. आमच्यासारख्याचं नशीब मात्र त्या दोहोंच्या मध्ये लोंबकळतं. शिवाय दावा निघाला त्याच दिवशी निशाणी 5 वरचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतचा, मनाई हुकूमही गेला, आणि त्या चौदा महिन्यांत समोरच्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

मुद्दाम रखडवणारे वादीही असतात, मनाई हुकूम मिळाला की तारखांना न फिरकणारे. त्यांच्यासाठी नियम 8 हवाच. कोर्टाने त्यांच्यावर जबर खर्च बसवावा, माझी तक्रार नाही.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. दावा गैरहजेरीत निघाला की त्याची लेखी सूचना वकिलांबरोबर वादीलाही जावी. आणि अनुच्छेद 122 मधले तीस दिवस ती सूचना मिळाल्यापासून मोजावेत. मुदत आणि दिवाणी प्रक्रिया हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांच्या यादीत) आहेत, तेव्हा राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही ही दुरुस्ती करता येईल. सूचनेच्या नियमासाठी तर विधिमंडळापर्यंतही जावं लागणार नाही. संहितेच्या कलम 122 खाली उच्च न्यायालय स्वतः नियम बदलू शकतं, आपल्या विभागाने तसा प्रस्ताव पाठवावा. मोबाइलवर संदेश जातात, असं उत्तर मिळेल. आमच्या दाव्यात नोंदवलेला नंबर वकीलसाहेबांचा होता. पत्ता मात्र वडिलांचाच होता. आदेश 6, नियम 14अ प्रमाणे प्रत्येक पक्षकाराला नोटिशीसाठी आपला पत्ता द्यावाच लागतो. तो अकरा वर्षं त्याच फाइलमध्ये होता.

आपला,
एका वादीचा मुलगा